रोमला न दिसणारा तारा

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊनंतर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की व्याधाच्या बरंच खाली एक ठळक तारा दिसतो. तो अगस्त्य. रोममधून मात्र तो कधीच दिसत नाही, तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी मार्कुस मानिलियुस या लॅटिन कवीने पृथ्वी गोल आहे हे पटवून देताना याच ताऱ्याला साक्षीला बोलावलं.

मानिलियुसचं चरित्र कोणी लिहून ठेवलं नाही. मागे उरलं ते ‘आस्ट्रोनोमिका’ हे पाच सर्गांचं काव्य. त्यातला मोठा भाग फलज्योतिषाचा आहे आणि तो आज टिकणारा नाही. पहिला सर्ग मात्र मला फार मोलाचा वाटतो. मानिलियुस सांगतो : समुद्र ओलांडून इजिप्तमधल्या नाईलचा किनारा गाठेपर्यंत अगस्त्य दिसायचा नाही, आणि ज्यांच्या डोक्यावर तो तळपतो त्यांना सप्तर्षी शोधूनही सापडायचे नाहीत. कारण पृथ्वीचा फुगवटा मध्ये येतो. मग तो थेट चंद्राला हाक मारतो : तूही साक्षीदार आहेस! ग्रहण एकच, पण ते पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या लोकांना रात्रीच्या वेगवेगळ्या प्रहरी दिसतं.

विश्वाकडे पाहण्याची दृष्टी त्याने घेतली ती स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांकडून. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनोने अथेन्समध्ये हा पंथ सुरू केला. त्यांच्या लेखी विश्व म्हणजे एकच जिवंत देह, आणि एकच बुद्धी तो आतून चालवते. एपिक्युरस या दुसऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या मते मात्र अणू आपोआप एकत्र आले आणि जग घडलं. मानिलियुसला हे मान्य नव्हतं. सगळं योगायोगानेच घडलं असेल, तर तारे दर वर्षी त्याच क्रमाने का उगवतात? ग्रीकांनी ट्रॉय पाडलं त्या काळीही सप्तर्षी आणि मृग असेच समोरासमोर फिरत होते, असं तो म्हणतो. त्याचं उत्तर चुकलं. अणूंनाही नियम असतात हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्याने विचारलेला प्रश्न खरा होता.

मानिलियुसच्या आधीच्या शतकात पोसिडोनियस या स्टोइकाने तर याच ताऱ्याने पृथ्वी मोजली होती. ऱ्होड्स बेटावर अगस्त्य क्षितिजाला जेमतेम शिवतो. अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या ४८व्या भागाएवढा वर चढतो, असं त्याने धरलं. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं अंतर मोजायचं माप), म्हणून पृथ्वीचा परीघ त्याच्या ४८ पट, म्हणजे २,४०,००० स्टेडिया. आकडे ढोबळ होते, पण रीत बिनचूक होती.

ही रीत आपल्यालाही करून पाहता येते. हात लांब केला की मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. नागपुरात अगस्त्य फार तर १६ अंश वर येतो, म्हणजे दीड मुठीहून किंचित जास्त. पणजीत तोच सुमारे २२ अंशांवर, दोन मुठींच्याही वर असतो.