लाइन परमिट

विजेची लाइन बंद केली आहे आणि काम करणारा कळवेपर्यंत ती चालू होणार नाही, अशी उपकेंद्राच्या यंत्रचालकाने लाइनमनला दिलेली लेखी हमी. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे असते. एका फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका लाइनवर, दोन टोळ्या असतील तर परमिटेही दोन, आणि दोन्ही परत आल्याशिवाय ब्रेकर (उपकेंद्रातला लाइन चालू-बंद करणारा स्विच) लावायचा नाही. ‘अर्ध्या तासाने चालू कर’ असे फोनवर ठरवणे म्हणजे परमिट नव्हे. गंजलेला नट घड्याळ बघून सुटत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात 33/11 केव्ही उपकेंद्रातून 11 केव्हीची लाइन गावोगावच्या डीपीपर्यंत, म्हणजे खांबावरच्या रोहित्रापर्यंत, येते आणि तिथे 433 व्होल्टवर उतरते. ब्रेकर पाडला, लाइनवरचा एबी स्विच (तार तोडणारा उघडा स्विच) उघडून कुलूप घातले, तरी तार मेली असे धरता येत नाही. एकाच खांबावरून दोन फीडर जात असतील तर भलताच बंद झालेला असू शकतो. शिवाय रोहित्र उलटेही चालते: लग्नघरी कोणी चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) न बसवता जनरेटर थेट वायरिंगला जोडला, तर त्याचे 230 व्होल्ट डीपीतून उलटे चढून वरच्या तारेवर हजारो व्होल्ट होऊन येतात.

म्हणून कागदापेक्षा भरवसा डिस्चार्ज रॉडवर. वीज न वाहणाऱ्या लांब काठीच्या टोकाला धातूचा आकडा, त्याला जाड लवचिक तांब्याची तार आणि तिचे दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. आधी जमिनीकडचे टोक पक्के करायचे, मग आकडा तारेवर टाकायचा. क्रम चुकला आणि लाइन जिवंत निघाली, तर मोकळे टोक हातातच जिवंत होते. काढताना बरोबर उलटे. रॉड तिन्ही तारांवर आणि कामाच्या दोन्ही बाजूंना हवेत, कारण वीज कुठून येईल हे ठाऊक नसते. खडकाळ मुरमात सळई नीट धरत नाही. तिथे भोवती पाणी ओततात.

तार हाताळण्यापूर्वी ती अर्थ करून (जमिनीशी जोडून) किंवा दुसऱ्या योग्य उपायाने निर्वीज करण्याची सक्ती 1956 च्या भारतीय वीज नियमांत होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही ती आली. प्रत्यक्षात रॉड बऱ्याचदा गाडीतच राहतात, कारण काम ‘दोन मिनिटांचे’ असते.

परमिट परत करताना माणसे आणि रॉड दोन्ही मोजतात. एखादा रॉड लाइनवर विसरला, तर ब्रेकर लावताक्षणी पुन्हा पडतो आणि यंत्रचालकाच्या शिव्या खाव्या लागतात.