जिल्हा परिषदेतून निवृत्त होताय? दोन वर्षं आधी सेवापुस्तक मागून घ्या

पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत मी बरीच वर्षं टेबल सांभाळलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं, पण निवृत्तिवेतनाचा आदेश सहा-सहा महिने आला नाही, अशी कितीतरी माणसं पाहिली. कारण बहुतेक वेळा एकच असायचं, सेवापुस्तकात, म्हणजे तुमच्या नोकरीची सगळी नोंद असलेल्या कार्यालयातल्या पुस्तकात, राहून गेलेली नोंद. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी जिल्हा परिषदेत लागलेले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, लिपिक, परिचर यांच्यासाठी हे लिहितोय. त्यानंतर लागलेल्यांचे नियम वेगळे आहेत.

५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, परिचरांसारख्या गट ड कर्मचाऱ्यांना ६०. जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याची अखेर. आपल्या खेड्यांत गुरुजींनी दाखल्यावर १ जुलै टाकलेली माणसं पुष्कळ, ती ३० जूनला निवृत्त होतात. अशांना १ जुलैची वेतनवाढ काल्पनिक (फक्त हिशेबापुरती मिळाली असं) धरून निवृत्तिवेतन देण्याचा शासन निर्णय २०२३ मध्ये झाला. तुमच्या प्रस्तावात ती धरली आहे का, ते बघून घ्या. जन्मतारखेची दुरुस्ती मात्र नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच मागता येते, आता त्यामागे धावू नका.

आता सेवापुस्तक. दरवर्षी ‘वेतन देयकावरून (पगारबिलावरून) सेवा पडताळली’ अशी नोंद आणि खाली कार्यालय प्रमुखाची सही हवी. पान न् पान बोट ठेवून वाचा. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून निघाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. त्याआधी लागलेल्यांची सुरुवातीची सेवा जुन्या जिल्हा परिषदेकडची, आणि नेमकी तिथलीच पडताळणी राहून गेलेली सापडते. एका आरोग्यसेविकेच्या पुस्तकात अशी तीन वर्षं कोरी निघाली. ती बिचारी म्हणाली, “मले काय मालूम भाऊ, म्या तं दरसाल सही करून देल्ली.” सही तिची होती, साहेबांची नव्हती. जुन्या कार्यालयातली वेतन देयकं काढून ती वर्षं जुळवायला आम्हाला चार महिने लागले. भविष्य निर्वाह निधीची जुनी शिल्लक नव्या खात्यात आली का, तेही तेव्हाच तपासा. राखीव जागेवरची नेमणूक असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची नोंद, शिवाय प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती पडताळलेली हवी.

निवृत्तिवेतनाच्या पात्रतेला किमान १० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा लागते. मूळ वेतन ७०,००० असेल आणि सेवा पूर्ण भरली असेल, तर निवृत्तिवेतन ३५,०००. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग, म्हणजे १४,०००, विकून त्याबदली एकरकमी पैसे घेता येतात, यालाच अंशराशीकरण म्हणतात. मग महिन्याला २१,००० हातात, पण महागाई भत्ता पूर्ण ३५,००० वर मिळतो, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीपासून वर्षाच्या आत दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली आहे. शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण ३०० दिवसांपर्यंत, गट विम्याची रक्कम वेगळी.

कागदपत्रं अशी: निवृत्तिवेतनाचा विहित नमुना, पती-पत्नीचे संयुक्त फोटो, नमुना सह्या (सही येत नसेल तर अंगठा), ओळखीच्या खुणा, कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, आधार, पॅन, बँक पासबुक, ना-देय प्रमाणपत्र, विभागीय चौकशी नसल्याचा दाखला. घरबांधणी किंवा इतर अग्रीम (कार्यालयाकडून घेतलेली उचल) बाकी असेल तर आधीच फेडून टाका. कागद निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘देऊन आलो’ उपयोगाचं नाही. तरीही आदेश लांबला, तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मागण्याची नियमात सोय आहे, तसा लेखी अर्ज करा.

सगळ्यात जास्त मी पत्नीच्या नावासाठी भांडलो. सेवापुस्तकात ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, बँकेत माहेरचं नाव. नवरा असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच बाईला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, प्रतिज्ञापत्रं करावी लागतात. नाव तिन्ही ठिकाणी सारखं करून घ्या, आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाची एक झेरॉक्स कुठे ठेवली आहे ते तिलाही सांगून ठेवा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, हेही.