द लंचबॉक्स

रितेश बत्रा लिखित-दिग्दर्शित हिंदी चित्रपट. भारत, फ्रान्स व जर्मनी येथील निर्मात्यांची ही सहनिर्मिती मे २०१३ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात प्रथम दाखवली गेली आणि २० सप्टेंबर २०१३ रोजी भारतात प्रदर्शित झाली. बत्रांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट. मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करायला ते गेले होते, त्यातून ही गोष्ट सुचली.

डबेवाल्यांच्या हातून सहसा न होणारी चूक इथे होते. मालाडच्या इलाने (निम्रत कौर) नवऱ्यासाठी भरलेला डबा साजन फर्नांडिस (इरफान खान) या निवृत्तीला आलेल्या विधुर कारकुनाच्या टेबलावर जातो; साजनचा हॉटेलातला डबा तिच्या नवऱ्याकडे. डबा चाटूनपुसून रिकामा आल्यामुळे इला हरखते. संध्याकाळी नवरा फ्लॉवरच्या भाजीचे नाव काढतो आणि तिला उलगडा होतो. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी ठेवते. उत्तर येते ते आभाराचे नव्हे, तर मीठ जास्त झाल्याचे. मग वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटींच्या सल्ल्याने मिरची वाढते. या आंटी अखेरपर्यंत दिसत नाहीत; असतो तो भारती आचरेकरांचा आवाज आणि खिडकीतून दोरीने उतरणारी टोपली.

वरवर पत्रांतून जुळणारी प्रेमकथा वाटली, तरी चित्रपटाचा जीव दुःखात आहे, आणि ते दुःख रडत नाही. साजन बायकोने टेप करून ठेवलेल्या जुन्या मालिका पाहत बसतो. नवऱ्याचे बाहेर काही चालले आहे, हे इलाला धुवायच्या शर्टाच्या वासावरून कळते. आंटींचा नवरा पंधरा वर्षे कोमात आहे. बायकोला आडवी कबर मिळाली, आपल्याला मात्र उभी देऊ करतात, असे साजन लिहितो: जन्मभर ट्रेनमध्ये उभे राहिलो, आता मेल्यावरही उभेच. सर्वांत धाडसी प्रसंग इलाच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा. वर्षानुवर्षे आजारपण काढलेली आई (लिलेट दुबे) शोक करत नाही. फार भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतात, म्हणते. सुटकेची ही कबुली आपल्या पडद्यावर क्वचितच इतकी सरळ येते.

प्रेमालाही इथे भेट लाभत नाही. ठरल्या वेळी साजन रेस्टॉरंटमध्ये जातो, इलाला लांबून पाहतो आणि न बोलता परततो. त्या सकाळी न्हाणीघरात त्याला आजोबांचा वास आलेला असतो. तो आपलाच, हे त्याला उमगते. पुढे तो नाशिकची गाडी धरतो, पण तिथे रमत नाही. इला बांगड्या विकून मुलीला घेऊन भूतानला निघायच्या तयारीत असते. शेवटी साजन लोकलमध्ये भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांसोबत तिचे घर शोधायला निघतो. ते दोघे भेटतात की नाही, हे बत्रा सांगत नाहीत. अनेकांना ते खटकले.

साजनच्या जागी येणाऱ्या अनाथ शेखची भूमिका नवाजुद्दीन सिद्दीकीची. ऑफिसच्या फायलीवर ट्रेनमध्येच भाजी चिरणारा हा इसम साजनला हळूहळू माणसांत आणतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. पदार्पणातील दिग्दर्शकाचा बत्रांना.

ऑस्करसाठी भारताकडून त्या वर्षी 'द गुड रोड' हा गुजराती चित्रपट गेला आणि त्यावर बराच वाद झाला. 'द लंचबॉक्स'ला पुढे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन मिळाले.