नेसायचा किल्ट आणि घालायचा किल्ट

स्कॉटलंडचा किल्ट म्हटलं की गुडघ्यापर्यंतचा, मागे बारीक चुण्यांचा, कमरेला बकलांनी बसणारा किल्ट डोळ्यांसमोर येतो. खरं तर या एका नावाखाली दोन वेगळी वस्त्रं आहेत. मराठीत तो फरक क्रियापदातच कळतो: एक नेसायचं, दुसरं घालायचं.

नेसायचं ते थोरलं. गेलिक भाषेत त्याला ‘फेला मोर’, म्हणजे मोठा किल्ट म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलंड्समधले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले पुरुष तो नेसत. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून लोकरी कापडाच्या दोन लांब पट्ट्या कडेला कड लावून जोडायच्या. लांबी साधारण 4 ते 5 वार. नेसण्याची एक रीत अशी: जमिनीवर आधी कमरेचा पट्टा ठेवायचा, त्यावर कापड पसरायचं, दोन्ही टोकं सपाट सोडून मधल्या भागाला निऱ्या घालायच्या. मग त्यावर उताणं झोपून टोकं पुढे एकावर एक घ्यायची, पट्टा आवळायचा आणि उठायचं. कमरेवरचं उरलेलं कापड खांद्यावर पिनेनं अडकवायचं. पाऊस आला तर तेच डोक्यावर आणि रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. सुईचं काम जवळजवळ नाहीच.

‘फेला बेग’, म्हणजे धाकटा किल्ट, हा त्याचाच कमरेखालचा भाग. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो रुळला. थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदारानं आपल्या हायलंडर कामगारांसाठी तो काढला, असं 1785 साली छापलेल्या एका पत्रात आहे. यावर वाद अजून मिटलेला नाही, कारण अर्धा किल्ट त्याआधीही नेसत असावेत असं मानणारे अभ्यासक आहेत.

धाकट्याला बळ मिळालं ते मात्र लष्करामुळे. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलंडर सरकारी फौजेकडून हरले, त्यानंतर हायलंडच्या पोशाखावर कायद्यानं बंदी आली, ती 1782 पर्यंत टिकली. सूट होती सरकारी फौजेतल्या हायलंड पलटणींना. किल्ट जिवंत राहिला तो त्यांच्या अंगावर, आणि 1790 च्या दशकात त्याच्या चुण्या कायमच्या शिवल्या जाऊ लागल्या. नेसायचा किल्ट खऱ्या अर्थानं घालायचा झाला तो तेव्हा. शिवलेली नऊवारी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या सुरुवातीच्या किल्टला 4 वारांच्या आसपास कापड लागे. ‘अस्सल किल्ट 8 वारांचाच’ हा आग्रह पुढे एकोणिसाव्या शतकात आला.

म्हणून शिवलेल्या किल्टला नकली म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दोनशेहून अधिक वर्षं शिंप्यांच्या हाताखालून गेलेली रीत ही परंपराच आहे. प्रत्येक घराण्याचं टार्टन, म्हणजे कापडावरची रंगीत चौकड्यांची नक्षी, ‘अनादि काळापासून’ ठरलेलं आहे, हा दावा मात्र मी मान्य करणार नाही. मार्टिन मार्टिन या स्कॉटिश लेखकानं 1703 मध्ये लिहिलं ते बेटाबेटानुसार बदलणाऱ्या नक्षीबद्दल. लंडनच्या हायलंड सोसायटीनं 1815 मध्ये घराण्यांच्या प्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा अनेकांना आपलं टार्टन कोणतं हेच सांगता येईना. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं त्याच्या स्वागताचा थाट मांडला, आणि घराण्याच्या टार्टनची हौस सगळीकडे पसरली.

जाणकार मात्र किल्टच्या मागच्या बाजूकडे बघतात. एका पद्धतीत चुण्या अशा दुमडतात की मिटल्यावरही चौकड्यांची नक्षी अखंड दिसते. लष्करी पद्धतीत प्रत्येक चुणीच्या मधोमध तीच एक रेघ येते. पलटण चालू लागली की चुण्या उघडतात आणि आत दडलेले रंग पावलागणिक झळकतात.