ग्रहणात विळी धरली म्हणून ओठ दुभंगत नाही

गरोदर बाईने ग्रहणात विळी धरली की बाळाचा ओठ फाटतो, हे लालबागच्या चाळीपासून ठाण्याच्या टॉवरपर्यंत आजही ऐकू येतं. पोटातल्या बाळाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्याच्या आसपास. मग सातव्या महिन्यातलं ग्रहण काय फाडणार? आनुवंशिकता, धूम्रपान, फिटची काही औषधं यांनी धोका वाढतो. बऱ्याचदा नेमकं एक कारण सापडतच नाही. पण ठपका आईवर, आणि तो ऐकत पोर मोठं होतं.

दुसरा समज जास्त नडतो: तान्हेपणी टाके घातले की झालं. टाळूचा मागचा भाग नीट मिटत नसेल, तर 'प', 'ब', 'क' म्हणताना हवा नाकातून निसटते. 'म', 'न' मात्र जमतात. असा नववीतला मुलगा उत्तर येत असूनही हात वर करत नाही. रिक्षात बसल्यावर 'बांद्रा' म्हणण्याऐवजी मोबाइलवरचा नकाशा पुढे करतो. वर्गात त्याला सरळ 'ढ' ठरवतात. बहुतेकांच्या बुद्धीचा याच्याशी काडीचा संबंध नसतो.

उपचार पुढेही चालतात: हिरडीतल्या फटीत हाड भरतात ते साधारण ८ ते ११ या वयात, जबड्याची शस्त्रक्रिया लागलीच तर वाढ थांबल्यावर. वाचा-उपचार किशोरवयातही घेता येतात. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा आणि श्रवण दोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेत ती सोय आहे. मुलांची तपासणी आणि उपचार करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दुभंगलेला ओठ-टाळू येतो, वयाच्या १८ वर्षांपर्यंत.