आग आटोक्यात आली, पण विझली का?

‘शर्थीच्या प्रयत्नांनंतर आग आटोक्यात’ ही ओळ होळीपासून मृग लागेपर्यंत नागपूरच्या पेपरांत हमखास दिसते. कधी काटोल-कोंढाळीकडची टेकडी असते, कधी देवलापारचं जंगल, कधी हिंगण्याकडचं गवताचं रान. वाचणारा ‘विझली एकदाची’ म्हणतो आणि पान उलटतो. बातमी लिहिणाराही बरेचदा त्याच अर्थाने लिहितो. पण आगीजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी ‘आटोक्यात’ आणि ‘विझली’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर असतं, कधी आठवड्यांचं. गावाचं नुकसान बहुतेक वेळा याच मधल्या काळात होतं, कारण तोवर पहारा उठलेला असतो.

आटोक्यात येणं म्हणजे आगीभोवती जळण नसलेला सलग पट्टा पूर्ण होणं, आणि तो ओलांडून आग बाहेर पडणार नाही असा भरवसा वाटणं. आत काय धुमसतंय, याच्याशी या शब्दाला काही देणंघेणं नाही. विझणं म्हणजे त्या पट्ट्याच्या आत कुठेच ऊब न उरणं. एक गोष्ट कडेची आहे, दुसरी पोटातली.

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. रात्री गोवरीचा निखारा राखेखाली झाकून ठेवतात, सकाळी राख सारून फुंकर मारली की तो फुलतो. चूल रात्रभर आटोक्यात होती, विझलेली नव्हती. जंगलात राख सारायचं आणि फुंकर घालायचं काम दुपारचा वारा करतो.

कड कशी बांधली जाते आणि कुठे फसते

आपल्याकडची आग शक्यतो शेंड्यांवरून पळत नाही, जमिनीवरच्या पानगळीतून सरकते. साग, तेंदू, मोह, पळस यांचा पाला मार्चपर्यंत घोटाभर साचतो. सागाचं पान मोठं आणि वाळल्यावर आक्रसलेलं असतं, त्यामुळे थराखाली हवा खेळती राहते आणि आग सहज पुढे जाते. समाधान एवढंच, की अशी आग पाला हटवला की अडते. म्हणूनच वनरक्षक आणि फायर वॉचर पाठीवर ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणारं यंत्र, घेऊन फिरतात. ब्लोअरवाला पुढे, आणि मागे दोघं-तिघं ओल्या डहाळ्या व पाला ओढायचे पंजे घेऊन, अशी ही चाल असते.

ब्लोअर चालवण्यात एक मोठी चूक होते. न जळलेला पाला आगीपासून दूर उडवायचा असतो आणि पेटता पाला जळलेल्या बाजूलाच ढकलायचा असतो. हे उलटं झालं, तर ब्लोअरच ठिणग्या पलीकडे पेरत जातो. शिवाय ब्लोअर पाला हटवतो, पण खालच्या बारीक मुळ्या आणि कुजकट थर तसाच राहतो. आग त्यातून मुंगीच्या चालीने पट्ट्याखालून पार होऊ शकते. पट्टा उघड्या मातीपर्यंत खरवडलेला असेल, तरच तो पट्टा म्हणायचा.

तयार वाटणाऱ्या कडांवर तर अजिबात विसंबू नये. कोरडा नाला घ्या. नकाशावर ती उत्तम सीमा दिसते, पण एप्रिलमधल्या नाल्याचं पात्र दोन्ही काठांच्या पाल्याने भरलेलं असतं, म्हणजे ती सीमा नसून वात झाली. बैलगाडीच्या वाटेचंही तसंच. चाकोऱ्या उघड्या असतात, पण मधल्या उंचवट्यावर गवताची पट्टी वाटेच्या लांबीभर गेलेली असते. आणि पट्ट्यावर आडवं पडलेलं वाळकं खोड म्हणजे आगीसाठी बांधलेला पूलच. ते कापून किंवा लोटून बाजूला करेपर्यंत ती कड पूर्ण झालेली नाही.

आणखी एक गल्लत होते. पट्टा काढून झाला आणि आग त्याच्यापर्यंत अजून पोचलीच नाही, तर तेवढ्याने आग आटोक्यात आली असं होत नाही. पट्टा आणि आग यांच्यामधलं जळण जाळून घ्यावं लागतं किंवा आग तिथे येऊन अडलेली दिसावी लागते. हे जाळून घेणं गावकऱ्यांनी आपल्या मनाने करू नये. वारा फिरला तर एकाच्या दोन आगी होतात आणि माणसं मध्ये सापडतात. चढणीवर तर धोका फार वाढतो. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून पेटत्या उताराच्या वर कोणी उभं राहायचं नाही.

टक्के कशाचे?

परदेशातल्या वणव्यांच्या बातम्यांत ‘४० टक्के आटोक्यात’ असं येतं आणि आपण समजतो की ४० टक्के आग विझली. हे टक्के क्षेत्रफळाचे नसतात, परिघाचे असतात. १० हेक्टरची आग घ्या, म्हणजे सुमारे २५ एकर. ती अगदी गोल असती तर घेर ११२० मीटर भरला असता. प्रत्यक्षात तिला फाटे फुटतात, म्हणून १५०० मीटर धरू. त्यातली ९०० मीटर कड पक्की झाली की आग ६० टक्के आटोक्यात. दुपारी वारा फिरला, उघड्या बाजूने आग पुढे गेली आणि घेर २४०० मीटर झाला, तर तीच ९०० मीटर कड आता साडेसदतीस टक्के भरते. कोणाचंही काम वाया गेलेलं नाही, तरी आकडा खाली आला.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणती बाजू उघडी आहे? आगीला तोंड, दोन बगला आणि शेपूट असतं. शेपूट आणि बगला बांधणं सोपं, त्यामुळे आकडा भराभर चढतो. पण तोंड उघडं असेल आणि त्याच दिशेला गाव असेल, तर ७० टक्क्यांतही दिलासा नाही. उलट तोंड एखाद्या तलावाला किंवा नांगरलेल्या वावराला जाऊन भिडलं असेल, तर ३० टक्क्यांतही निर्धास्त झोपता येतं.

पूर्ण शंभर टक्के झाल्यावरही आतला निखारा काय करतो, याचं अलीकडचं भयंकर उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. १ जानेवारी २०२५ च्या पहाटे तिथल्या डोंगरउतारावर सुमारे आठ एकरांची आग लागली आणि त्याच दिवशी आटोक्यात आली. ७ जानेवारीला सोसाट्याचा वारा सुटला आणि पॅलिसेड्सचा वणवा भडकला. तो पूर्ण आटोक्यात यायला ३१ जानेवारी उजाडली. तोवर २३ हजारांहून अधिक एकर जळालं होतं, ६८०० हून अधिक इमारतींची राख झाली होती आणि १२ माणसं गेली होती. हा मोठा वणवा म्हणजे आधीच्याच छोट्या आगीचं पुन्हा पेटणं होतं, ती सहा दिवस झुडपांच्या मुळांत धुमसत होती, असं अमेरिकी संघीय तपासात पुढे आलं.

विझवणं हे वेगळं काम आहे

ज्वाळा गेल्या की माणसं दमलेली असतात आणि पाणी संपलेलं असतं. नेमकं तेव्हा दुसरं काम सुरू होतं. छोटी आग असेल तर सगळं क्षेत्र, मोठी असेल तर कडेपासून आत निदान ३० मीटर, पायाखाली घालायचं. शोधायचं काय? मोहाची पोकळ खोडं, जुने खुंट, बांबूची बेटं, गुरांचं वाळकं शेण, पडलेले ओंडके. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला गोळा करून पेटवतात, ते ढीग तर आधी पाहायचे. वरून राख पांढरी दिसते आणि मधे लाल असतं.

तपासायला हाताची मागची बाजू वापरायची. आधी राखेपासून वीतभर वर धरायची, ऊब नसेल तर जवळ न्यायची, मगच स्पर्श करायचा. तळहात वापरू नये. भाजला तर पुढचं कुठलंच काम होत नाही. डोळ्यांनी शोधायचं असेल तर पहाटे जावं. गार हवेत धुराची बारीक रेघ सरळ वर उभी दिसते. दुपारी तीच रेघ वाऱ्यात विरून जाते.

ऊब सापडली की फवारणीच्या १६ लिटरच्या पंपाने वरून पाणी मारून पुढे जाणं ही सर्रास होणारी चूक. पाणी राखेवरून घरंगळतं आणि खुंट अख्खी टाकी रिचवूनही आतून जळत राहतो. आधी कुदळीने फोडायचं, जळका भाग कुऱ्हाडीने तासायचा, मग थोडं पाणी मारायचं, माती मिसळून फावड्याने ढवळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. चिखल गार लागेपर्यंत हे चालतं. पाणी नसेल तर फक्त मातीत घोळवून पसरायचं. नुसती माती लोटून पुरून टाकणं सगळ्यांत वाईट, कारण तो चुलीतल्या गोवरीसारखा निखारा जपून ठेवण्याचाच प्रकार आहे.

उतारावर पेटते ओंडके आणि बांबूचे तुकडे गडगडत खाली जातात आणि पट्टा ओलांडतात. खालच्या बाजूला चर खणून ठेवावा, ओंडके उताराला आडवे न ठेवता उभे वळवून ठेवावेत. बुंध्याशी जळलेलं उभं झाड कधीही, वारा नसतानाही, पडू शकतं. त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणी बसू नये. मुळं जळून गेलेल्या जागी राखेने झाकलेला खड्डा तयार होतो आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून चप्पल नाही, बूट. आणि टेरिकॉट नाही, सुती कपडे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या वाघांच्या भागांत हे काम वनरक्षकाला सोबत घेऊनच करावं, रात्री तर त्यांच्याशिवाय नाहीच.

‘विझली’ कधी म्हणायचं? आमचा हिशेब दोन दुपारींचा. बारा ते चार ही वेळ निखाऱ्याची परीक्षा असते, तेव्हा हवा सगळ्यांत कोरडी आणि वारा जोराचा असतो. लागोपाठ दोन दुपारी कुठे धूर नाही आणि हाताला ऊब नाही, तर विझली. रात्री शांत दिसली याला काही अर्थ नाही.

हाच नियम गोठ्यालाही लागतो. ठिणगी उडून कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या वाळक्या चाऱ्याच्या, ढिगात पडली, वरून पाणी मारलं, ज्वाळा गेली, म्हणजे ती आग फक्त आटोक्यात आली. कुटार दाबून भरलेलं असतं, पाणी वीतभरही आत जात नाही. दोन-तीन दिवसांनी ढिगातून वास येतो आणि मध्यरात्री तो पेटतो. ढीग उपसून, उघड्या जमिनीवर पातळ पसरून, गोठ्यापासून लांब नेल्याशिवाय सुटका नाही. अर्धं कुटार खराब होईल म्हणून जीव तुटतो खरा, पण गोठा त्याहून महाग.

ठिपका गेला म्हणजे?

आजकाल उपग्रहाला आग दिसली की नकाशावर उमटणारे ठिपके पाहून कोणीही निकाल देतं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा इशारा नाव नोंदवलेल्या कोणालाही मोबाईलवर मिळतो आणि ती सोय खरंच चांगली आहे. पण व्हीआयआयआरएस उपग्रह-यंत्राचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर बाजूचा चौकोन, सुमारे १४ हेक्टर. आग त्यात कुठेही असू शकते आणि ठिपका त्याच्या मध्यावर दिसतो. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी चारला लागून रात्री दहाला संपलेली आग त्यांना दिसतच नाही. राखेखालचा खुंट तर कधीच नाही. ठिपका आला तर जाऊन पाहा. ठिपका गेला तर त्यावरून ना ‘आटोक्यात’ म्हणता येतं, ना ‘विझली’.

गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आग कंट्रोलमध्ये, काळजी नसावी’ असा निरोप फिरतो, तो निरुपयोगी असतो. वेळ नाही, बाजू नाही, आणि संध्याकाळी पाचचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारीही फिरत राहतो. कामाचा निरोप असा हवा: ‘दुपारी ४.१०. तलावामागचा उतार. उत्तर आणि पूर्व कड बांधली. पश्चिमेला नाल्याजवळ २०० मीटर उघडी. वारा पश्चिमेकडून. आत खुंट धुमसतायत. रात्री चार जण पहाऱ्यावर. पुढचा निरोप ७ वाजता.’ जंगलाच्या त्या भागाचा कक्ष क्रमांक माहीत असेल तर तोही टाकावा, वन विभागाला तोच सगळ्यांत लवकर कळतो. ‘विझली’ हा शब्द ज्याने स्वतः हात लावून पाहिलं त्यानेच लिहावा.

नवा धूर दिसला तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६, शहरात अग्निशमनचा १०१. जंगलात चराई किंवा वनोपजाचा हक्क असलेल्यांवर तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवून घरी जेवायला जाणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. धुऱ्याची आग नेहमी ‘आटोक्यात’च असते, वारा येईपर्यंत.

आणि अवकाळी पाऊस आला तर? एक सर येते, ज्वाळा बसतात, सगळे खूश होऊन घरी जातात. पाला भिजतो आणि चाळीसच्या पुढच्या उन्हात दिवसभरात पुन्हा कुरकुरीत होतो. राखेवर मात्र पापडी धरते, आणि तिच्या खाली मोहाचा खुंट कोरडाच असतो. पावसानंतर दोन दुपारींची मोजणी पहिल्यापासून सुरू करायची.