नौखंडा कोणता, किलेअर्क कोणता?

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले आणि ‘औरंगजेबाचा राजवाडा दाखवा’ म्हणाले, की पुष्कळदा त्यांना नौखंड्याला नेलं जातं. गल्लत कशी होते तेही कळतं. नौखंडा आणि किलेअर्क हे दोन्ही राजवाडे जुन्या शहरातले, दोन्हींची बरीच पडझड झालेली आणि आज दोन्ही आवारांत कॉलेज.

पण नौखंडा मलिक अंबरचा, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीच्या वजिराचा. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि १६१६ च्या सुमारास इथल्या उंचवट्यावर हा राजवाडा उभारला. त्याच्या वाटेवरचा भडकल दरवाजा १६१२ चा, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. ज्याने मोगलांना दख्खनेत वर्षानुवर्षं झुंजवलं, त्याचं घर आपण मोगल बादशहाच्या नावावर करून मोकळे होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बादशहाचा तो किलेअर्क, १६९२ चा. ‘अर्क’ म्हणजे बालेकिल्ला. हा नुसता महाल नव्हता, शहराच्या तटाच्या आत उभा केलेला आणखी एक किल्लाच होता. बुरूज, तोफा, नगारखाना, बागा, हौद, सगळं त्यात. दिल्ली दरवाजा ते मकाई दरवाजा यांमधली बहुतेक जागा त्याने व्यापली होती. शेजारच्या आमखास मैदानाच्या नावात दरबाराचे ‘आम’ आणि ‘खास’ अजून टिकून आहेत.

पुढची वाटचालही निराळी. औरंगजेब १७०७ मध्ये गेला आणि किलेअर्काचं वैभव ओसरत गेलं. नौखंड्याला मात्र दुसरा डाव मिळाला. पहिला निजाम आसफजाह तिथे राहिला. पाच जनानखाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी, आणि प्रत्येकाला स्वतःची बाग नि हौद, एवढा त्याचा पसारा होता. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलली, तेव्हा त्याचीही रया गेली. जिथे राण्या पडद्याआड राहिल्या, त्या आवारात आज मुली पदवीचं शिक्षण घेतात. ही वास्तू अशी वापरात राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

किलेअर्कातलं कॉलेज सरकारी, कला आणि विज्ञानाचं. निजामाच्या राजवटीत १९२३ मध्ये ते उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेज म्हणून सुरू झालं.

तेव्हा रिक्षात बसताना भडकल दरवाजा, ज्युबिली पार्क म्हणालात तर मलिक अंबरकडे पोहोचाल. औरंगजेबाकडे जायचं तर आमखास मैदान सांगा.